इंग्लंडमधल्या गावच्या पबमध्ये जेवण, एखादा पाइंट आणि रात्रीचा मुक्काम

पब म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे कोरेगाव पार्क नाहीतर लोअर परळ येतं. काळोख, दारावरचा बाउन्सर, छातीत धडधडणारं संगीत. इंग्लंडच्या खेड्यातला पब म्हणजे बुटकं छत, काळे पडलेले वासे, पेटलेली शेकोटी, तिच्यापुढे तंगड्या पसरून झोपलेलं कुत्रं आणि कोपऱ्यात शब्दकोडं सोडवणारे एक आजोबा. देवळापुढचा पार, खानावळ आणि लॉज एकाच छपराखाली आणले तर जे होईल, साधारण ते.

मी लीड्सला राहते. आई-बाबा पहिल्यांदा साताऱ्याहून आले तेव्हा त्यांना अशाच एका पबमध्ये जेवायला नेलं आणि पहिल्या फटक्यात तोंडघशी पडले. दुपारचे दोन पंचवीस झाले होते. आम्ही खिडकीजवळचं टेबल धरलं आणि वेटरची वाट बघत बसलो. वीस मिनिटं झाली, कोणी फिरकेना. बाबा हळूच म्हणाले, "अगं, आपल्याला मुद्दाम टाळतायत का?" शेवटी मी काउंटरवर गेले तर कळलं, स्वयंपाकघर अडीचलाच बंद झालंय. त्या दिवशी आमचं जेवण गाडीत झालं: चितळ्यांची भाकरवडी आणि दोन केळी.

टाळत कोणीच नव्हतं. इथे ऑर्डर घ्यायला टेबलाशी कोणी येतच नाही. पेय, जेवण, खोलीची किल्ली, सकाळच्या नाश्त्याची वेळ, गावातल्या टॅक्सीवाल्याचा नंबर, सगळं काउंटरवर जाऊन मागायचं. एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं खाली लिहिते.

आधी पब निवडा

सगळ्या पबमध्ये राहायची सोय नसते. नावात "इन" असेल तर शक्यता जास्त. "इन" म्हणजे मूळची वाटसरूंची सराई. १७८४ पासून टपालाच्या घोडागाड्या धावू लागल्या आणि हमरस्त्यांवरच्या सराया भरभराटीला आल्या. घोडे बदलायचे, प्रवाशांनी जेवायचं, रात्र काढायची. एखाद्या जुन्या पबच्या इमारतीला मधोमध मोठी कमान दिसली, तर तिथून घोडागाडी आत जायची असं समजा. आता आतल्या अंगणात गाड्या लावतात आणि तबेल्याच्या खोल्या झालेल्या असतात. पण नावावर विसंबू नका. कितीतरी "इन"मध्ये आज एकही खोली नाही. वेबसाइटवर खोल्यांचे फोटो दिसले तरच खरं.

दारावरच्या पाटीवर "फ्री हाउस" लिहिलेलं असेल तर फुकट काही मिळत नाही, माझ्या मामांनी तसा अर्थ लावला होता. हा पब कुठल्या एका बिअर कंपनीला बांधलेला नाही, मालक हवी ती बिअर ठेवू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. मला असे पब जास्त आवडतात.

पाट्यांवरची चित्रं बघत जा. लोकांना वाचता येत नव्हतं तेव्हाची ती खूण आहे. "रॉयल ओक" हे नाव गावोगावी दिसतं. १६५१ मध्ये वूस्टरची लढाई हरल्यावर दुसरा चार्ल्स बॉस्कोबेलच्या एका ओक झाडावर लपला होता, त्याची ती आठवण. "व्हाइट हार्ट", म्हणजे पांढरा सांबर, हे दुसऱ्या रिचर्डचं चिन्ह.

पहिल्यांदाच जाणार असाल आणि गाडी नसेल तर मी ईडेल सुचवेन. मँचेस्टर आणि शेफील्डच्या मधल्या रेल्वेमार्गावरचं डर्बीशायरमधलं हे गाव. स्टेशनवरून दोन्ही पब चालत गाठता येतात. त्यातला "ओल्ड नॅग्ज हेड" म्हणजे पेनाइन वे या ४३१ किलोमीटरच्या पायवाटेचा परंपरेने मानलेला आरंभ. ही वाट १९६५ मध्ये खुली झाली आणि स्कॉटलंडमध्ये कर्क येटमला संपते, तीही एका पबच्याच दाराशी. गावामागच्या किंडर स्काउट डोंगरावर २४ एप्रिल १९३२ ला शेकडो कामगार जमीनमालकांची बंदी मोडून चढले होते. काहींना त्यासाठी तुरुंगात जावं लागलं.

थरार हवा असेल तर यॉर्कशायरमधलं टॅन हिल इन. ५२८ मीटरवरचा हा ब्रिटनमधला सगळ्यात उंचावरचा पब. आजूबाजूला माळरान, मेंढ्या आणि वारा. नोव्हेंबर २०२१ मध्ये आर्वेन वादळात बर्फ पडून रस्ता बंद झाला आणि साठएक माणसं तीन रात्री तिथेच अडकली. त्यात गाणी वाजवायला आलेला एक बँडही होता, त्यामुळे कंटाळा आला नसावा. हिवाळ्यात जाणार असाल तर हवामानाचा अंदाज बघूनच निघा.

मग फोन करा

हो, फोनच. मेसेज नको. गावचा पब दोन-चार माणसं चालवतात आणि वेबसाइटवरच्या वेळा गेल्या उन्हाळ्यातल्या असू शकतात. तीन गोष्टी विचारा: स्वयंपाकघर किती ते किती चालू असतं, सोमवारी उघडं आहे का, आणि खोली असेल तर किती वाजता ताब्यात मिळेल.

यातली पहिली सगळ्यात महत्त्वाची. पब दिवसभर उघडा असला तरी जेवण बहुतेक ठिकाणी दुपारी बारा ते अडीच आणि संध्याकाळी सहा ते साडेआठ-नऊ एवढंच मिळतं. आपल्याला रात्री नऊ ही जेवायला बसायची वेळ वाटते, तिथे ती भांडी घासायची असते. रविवारी दुपारचं जेवण चारपर्यंत लांबतं, मग संध्याकाळी काहीच नाही. सोमवारी, कधी मंगळवारीसुद्धा, पबच बंद. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून दुपारी पब बंद ठेवायचा कायदा आला आणि आठवड्याच्या दिवसांपुरता तो १९८८ पर्यंत टिकला. कायदा गेला, तरी गावांत दुपारी तीन ते पाच दार ओढून घेणारे पब अजून भेटतात.

रविवारचं जेवण आणि कुठल्याही दिवशीची खोली आधी सांगून ठेवल्याशिवाय मिळेल असं धरू नका. खोलीचं भाडं साधारण ९० ते १४० पौंड, त्यात दोघांचा नाश्ता बहुतेक वेळा धरलेला असतो. विचारून घ्या.

परतीच्या बसची चौकशीही याच फोनवर करावी. गावांत रविवारी बस अनेकदा नसतेच, टॅक्सी आदल्या दिवशी सांगावी लागते आणि दरीत मोबाइलला रेंज मिळेल याचा भरवसा नाही. गाडी घेऊन जात असाल तर चालवणाऱ्याने प्यायची नाही, असं सरळ ठरवा. इंग्लंडची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल आहे, स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून ५०. पण आपल्या रक्तात किती आहे हे अंधाऱ्या, अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी गडगे असलेल्या रस्त्यावर मोजत बसायचं नसतं.

आत शिरल्यावर

चिखलाचे बूट असतील तर दाराशी थबका आणि विचारा. डोंगराळ भागात बहुतेक ठिकाणी चालतं, खाली फरसबंदी असते. गालिचा दिसला तर काढा.

आता काउंटर. रांग दिसणार नाही, पण रांग असते. प्रत्येकाच्या डोक्यात आपल्या आधी कोण आलं होतं याची नोंद असते आणि काउंटरमागच्या माणसाच्या डोक्यात तर नक्कीच. त्यामुळे पुढे घुसू नका, "एक्स्क्यूज मी" म्हणून हाक मारू नका, चुटकी तर चुकूनही वाजवू नका. काउंटरला टेकून उभं राहा, नजरानजर झाली की मान हलवा. तुमच्या आधी आलेल्याला सोडून तुम्हालाच विचारलं, तर "हे आधी होते" म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवा. एवढ्या एका वाक्याने माझ्याशी जितके अनोळखी लोक हसून बोलले आहेत, तितके दुसऱ्या कशानेच नाहीत.

पैसे तिथल्या तिथे, पेय हातात येताच. कार्ड चालतं, तरी थोडी रोख जवळ असू द्या. वर खोली घेतली असेल, तर "खोलीच्या नावावर मांडा" म्हणता येतं. पेयाला टीप देत नाहीत. फारच खूश असाल तर पैसे देताना "तुमच्यासाठीही एक घ्या" म्हणायची पद्धत आहे. मग तो माणूस एका पेयाचे पैसे जास्त घेतो. टेबलावर आणून दिलेल्या जेवणाला दहा टक्के ठेवले तर बरं, पण बिलात सेवाशुल्क आधीच लावलंय का ते बघा.

चौघं मिळून गेलात तर प्रत्येकाने आपापलं आणायचं नसतं. एक जण चौघांचं आणतो, पुढच्या वेळी दुसरा. याला "राउंड" म्हणतात. आपल्याकडे बिल आल्यावर "मी देतो, मी देतो" अशी झटापट होते, इथे तीच पाळीने होते. मात्र पाळी चुकवणारा लोकांच्या कायम लक्षात राहतो. तुम्ही पीत नसाल किंवा एकावर थांबणार असाल तर सुरुवातीलाच सांगून बाहेर राहा, कोणी वाईट मानत नाही.

डर्बीशायरमध्ये काउंटरमागच्या बाई तुम्हाला "डक" म्हणतील, यॉर्कशायरमध्ये "लव्ह". आईला वाटलं, बदक का म्हणतायत. ते आपल्या "बाळा"सारखं आहे. पब चालवणाऱ्याला "लँडलॉर्ड" म्हणतात, बाई असेल तर "लँडलेडी". घरमालकाशी त्याचा संबंध नाही.

काय प्यायचं

काउंटरवर लांब लाकडी दांडे उभे असतील तर तिथे खरी मजा आहे. ते हातपंप. तळघरातल्या पिंपात अजून जिवंत असलेली, आंबणं पूर्ण न थांबलेली बिअर त्याने वर ओढतात. तिला "कास्क एल" किंवा "रिअल एल" म्हणतात. ती वाचवण्यासाठी १९७१ मध्ये काम्रा नावाची ग्राहक चळवळ सुरू झाली आणि टिकली. ओढणाऱ्याकडे जरा बघत राहा. पेला तिरका धरून दांडा सावकाश, पोटापर्यंत ओढतात, मग पुन्हा एकदा. पेल्यात आधी सगळा खळबळाट, गढूळ तपकिरी. मग खालून वर हळूहळू निवळत जातं आणि वर बोटभर फेस राहतो. तो निवळेपर्यंत पेला काउंटरवरच ठेवतात. घाईने उचलू नका.

"इंग्लिश बिअर कोमट असते" हे अर्धसत्य आहे. तळघराचं तापमान ११ ते १३ अंश असतं. फ्रिजमधलं पाणी आणि माठातलं पाणी यात जो फरक, तोच इथे. माठातल्या पाण्याला आपण कोमट म्हणत नाही.

पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. एवढं नको असेल तर "हाफ" मागा, बाबाही तेच मागतात. "बिटर" नावाच्या साध्या एलमध्ये अल्कोहोल साडेतीन ते साडेचार टक्के, म्हणजे आपल्याकडे "स्ट्राँग" म्हणून विकतात त्याच्या जवळपास निम्मं. कळत नसेल तर "जरा चाखायला देता का?" असं विचारा. छोट्या पेल्यात घोटभर देतात, फुकट. यादीत "आयपीए" दिसेल. त्यातला "आय" म्हणजे इंडिया. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या गोऱ्यांसाठी जहाजांतून जाणाऱ्या फिकट एलची ती वंशज. पाइंट साधारण चार ते सहा पौंडांना पडतो, गावात शहरापेक्षा बहुधा स्वस्त.

एक गोष्ट आमच्यातल्या कट्टर शाकाहाऱ्यांना कोणी सांगत नाही. कास्क एल निवळावी म्हणून तीत अनेकदा आयसिंग्लास घालतात. ते माशाच्या वाताशयापासून करतात. चालत नसेल तर "अनफाइन्ड" किंवा "व्हेगन" लिहिलेली बिअर मागा. ती थोडी गढूळ असते, बिघडलेली नसते.

न पिणाऱ्यांसाठी तीन सापळे. "सायडर" हा सफरचंदाचा रस नाही, त्यात बिअरइतकंच किंवा जास्तच अल्कोहोल असतं. "लेमोनेड" म्हणजे लिंबू सरबत नाही, गोड सोडा. "शँडी"त निम्मी बिअर असते. जिंजर बिअर मात्र नावाला बिअर, सहसा अल्कोहोल नसतं. "लाइम अँड सोडा" सगळ्यात स्वस्त आणि तहान भागवणारं. साधं पिण्याचं पाणी मागितलं तर फुकट द्यावंच लागतं, तसा नियमच आहे.

वय अठरा. पंचविशीच्या आतले दिसत असाल तर ओळखपत्र मागतात, रागावू नका. पासपोर्ट जवळ ठेवा. लहान मुलांना मोठ्यांबरोबर जेवणाच्या वेळी बहुतेक पब येऊ देतात, रात्री नऊनंतर मात्र नाही म्हणू शकतात.

काय खायचं

आधी टेबल धरा, त्यावरचा नंबर लक्षात ठेवा, मग काउंटरवर जाऊन नंबर सांगून जेवण सांगा. आणून मात्र तेच देतात. सगळा मेनू छापलेला नसतो. भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेलं आधी वाचा, त्या दिवशीचं ताजं तिथे असतं.

रविवार असेल तर "संडे रोस्ट" सोडून दुसरं काही मागू नये, हे माझं ठाम मत. भाजलेलं मांस, बटाटे, भाज्या, यॉर्कशायर पुडिंग आणि ग्रेव्ही. पुडिंग नाव असलं तरी गोड नाही. अंडं, मैदा, दुधाच्या पिठाची ती फुगलेली पोकळ वाटी, ग्रेव्ही धरायला केलेली. मांस खाणाऱ्याने लँब घ्यावं. बीफ आतून गुलाबी असतं, बाबांसारख्यांना ते कच्चं वाटतं.

शाकाहाऱ्यांनी इथे चार प्रश्न विचारावेत. चिप्स, म्हणजे इथे बटाट्याचे तळलेले जाड तुकडे, कशात तळता? यॉर्कशायरमध्ये गाईच्या चरबीत तळायची रीत आहे. ग्रेव्ही कशाची? बहुधा मांसाचीच, वेगळी मागावी लागते. यॉर्कशायर पुडिंगचं तूप-तेल कुठलं? तिथेही चरबी असू शकते. आणि वूस्टरशायर सॉस घातलाय का, कारण त्यात अँकोव्ही मासा असतो. संकोच नको. १४ अॅलर्जीकारक पदार्थांची माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे स्वयंपाकघरात यादी असतेच आणि विचारणारे रोज येतात. कांदा-लसूण न खाणाऱ्यांचं मात्र इथे अवघड आहे, खोटं कशाला सांगू.

हलकं हवं असेल तर "प्लाउमन्स लंच": पाव, चेडरचा जाडजूड तुकडा, सफरचंद, व्हिनेगरमधला कांदा आणि पिकल किंवा चटणी. "चटनी" हा शब्द त्यांनी आपल्याकडून नेला आणि वस्तू बदलली. ती गोड, आंबट, चिकट, तपकिरी. आईने बोटाने चाखून निकाल दिला, "मेथांबाच आहे, मेथी विसरलेत." तिला ती इतकी आवडली की एक बाटली साताऱ्याला गेली.

नुसतं बसायला गेलात तर काउंटरवरून वेफर्सची पाकिटं आणा, इथे त्यांना "क्रिस्प्स" म्हणतात. पाकीट मधोमध उभं फाडून, पसरून टेबलाच्या मध्ये ठेवायचं, सगळ्यांनी घ्यायचं. "पोर्क स्क्रॅचिंग्ज" म्हणजे तळलेली डुकराची कातडी, न वाचता उचलू नका. आणि आपला डबा, भाकरवडीसुद्धा, आत उघडायचा नाही. जिथे स्वयंपाकघरच नाही अशा पबमध्ये विचारून बघायला हरकत नसते.

वरच्या खोलीत

खोली तीन-चार वाजता मिळते. स्वागतकक्ष नसतो, किल्ली काउंटरवरच. तेव्हाच चार गोष्टी ठरवून टाका: रात्री पुढचं दार बंद झालं तर कुठून यायचं, दार उघडायचा कोड काय, नाश्ता किती वाजता आणि त्यात कोण काय खाणार.

जिना अरुंद आणि उभा असतो, लिफ्ट नसते. आई-वडिलांना घेऊन जात असाल तर तळमजल्याची किंवा अंगणातली खोली मागा. मोठी सूटकेस नेऊ नका. बाथरूम खोलीतच आहे की पॅसेजमध्ये, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा. बेसिनला गरम आणि गार पाण्याचे नळ वेगळे असतात, मध्ये हात धरून कोमट करण्याची कसरत करावी लागते. बाथरूमचा दिवा छताला लोंबणाऱ्या दोरीने लागतो. लाल दोरी असेल तर तिला हात लावू नका, ती मदतीची घंटा. टेबलावर किटली, चहाच्या पिशव्या आणि दुधाच्या चिमुकल्या डब्या असतात. आम्ही आलं आणि चहा मसाला घरून नेतो.

आणि आवाज. बारच्या बरोबर वरची खोली असेल तर साडेदहा-अकरापर्यंत झोप विसरा. मग घंटा वाजते, ती शेवटच्या मागणीची. थोड्या वेळाने दुसरी, बार बंद झाल्याची. हातातलं संपवायला वीसेक मिनिटं देतात आणि मग खुर्च्या ओढल्याचे, कुत्र्याला हाक मारल्याचे, फाटक लागल्याचे आवाज येत येत सगळं शांत होतं. कान हलके असतील तर मागची खोली मागा. मला स्वतःला पुढचीच आवडते.

सकाळी

"फुल इंग्लिश" नाश्त्यात अंडी, बेकन, सॉसेज, बीन्स, मशरूम, परतलेला टोमॅटो, टोस्ट आणि बऱ्याच ठिकाणी ब्लॅक पुडिंग असतं. ब्लॅक पुडिंग म्हणजे डुकराच्या रक्ताचं, काळी चकती दिसते ती. नको असेल तर आदल्या रात्रीच सांगा. शाकाहारी नाश्ता मिळतो, अंडी न खाणाऱ्यांना टोस्ट, बीन्स, मशरूमवर भागवावं लागतं. एवढं खाल्लं की दुपारी भूक लागत नाही, त्यामुळे जेवणाच्या अडीचच्या वेळेची धास्तीही उरत नाही.

खोली दहा-साडेदहाला सोडायची. त्या वेळी बार बंद असतो, काउंटरमागे कोणी नसतं. किल्ली कुठे ठेवायची हे नाश्त्याच्या वेळीच विचारून घ्या. मी एकदा विसरले आणि लीड्सला पोचल्यावर कोटाच्या खिशात हात घातला. हरवू नये म्हणून किल्लीला मुठीएवढा लाकडी ओंडका बांधलेला होता, तो पाकिटात बसेना. शेवटी चपलेच्या खोक्यात घालून पार्सल केलं आणि सोबत, काय सुचलं कोण जाणे, भाकरवडीचा एक पुडा ठेवला. पुढच्या खेपेला गेले तेव्हा लँडलेडीने मला ओळखलं नाही, पण भाकरवडी अजून आहे का, असं विचारलं.